बटनाचं माडगं

आक्का, काल तुमच्या दहाव्याला कावळा शिवला. लगेच शिवला. गुरुजींनी पिंड मांडला, दादांनी हात जोडले, तुमच्या रोहिणीनं ओढणीनं डोळे टिपले आणि आम्ही सगळे मागं सरतो न सरतो तोच बाभळीवरनं एक कावळा उतरला, भात उचलला आणि गेला. ओढ्याकाठी जमलेली माणसं एकदम सैल झाली. "समाधानानं गेली माउली," कुणीतरी म्हणालं. "आस म्हणून राहिली न्हाई तिची."

आणि मला, खरं सांगते, राग आला.

दुसऱ्यांच्या दहाव्याला उन्हात ताटकळत बसलोय आपण. कावळा येतो, मान वाकडी करून बघतो आणि उडून जातो. मग घरचे एकेक जण पुढं होऊन कबूल करतात, पोरीचं लग्न करू, विहिरीचं काम पुरं करू, धाकट्याला अंतर देणार नाही. मीही तयारीत होते. कावळा नाही शिवला तर पुढं व्हायचं आणि म्हणायचं, आक्का, हरले मी, चुलीवरचंच माडगं खरं, आता शिवा. पण तुम्ही मला तेवढी संधीही दिली नाही. तुमची आस राहिली नसेल, पण माझी राहिली तिचं काय? दिवाळीपासून तुमच्या वाट्या भरत होते. त्यावर एकदा, फक्त एकदा "शालन, जमलं गं" एवढं तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. ते राहिलं, भांडण अर्ध्यावर राहिलं, आणि तुम्ही आपल्या निघून गेलात.

आज सकाळी मला एक गोष्ट कळली. ती सांगायलाच बसलेय. पण ती शेवटी. आधी माझं गाऱ्हाणं ऐकून घ्या, कारण मधे तोंड घालायला आता तुम्ही नाही, आणि असा मोका मला जन्मात मिळाला नव्हता.

आपण सख्ख्या जावा. तुम्ही थोरल्या, मी धाकटी. जावाजावांचं पटत नाही म्हणतात. आपलंही पटत नव्हतं, आणि तरी आपली चूल एकच राहिली. भावांनी एकदा वाटण्यांचा विषय काढला तेव्हा तुम्ही भाकरी थापता थापता म्हणालात, "वायलं राहून मी भांडू कुनाशी? भिताडाशी?" विषय तिथंच मिटला. आणि भांडणातसुद्धा मी तुम्हाला कधी अगं-तुगं केलं नाही, हे तेवढं लक्षात ठेवा. "तुम्हाला काही कळतं का, आक्का," असंच म्हणायचे.

दादांशी मात्र मी कधी धड बोललेच नाही. ते माझे थोरले दीर. थोरल्या दिरापुढं धाकटीनं उभं राहून बोलायचं नाही, ही आपल्याकडची रीत. ते खाकरून घरात यायचे, मी पदर सावरून दाराआड व्हायचे. आमचं सगळं बोलणं तुमच्यामार्फत. "आक्का, त्यांना सांगा, म्हशीची पेंड संपली." "तिला सांग, उद्या तिसगावावरनं आनतो." तिघं एकाच घरात, मधे एक दार, आणि तुम्ही आमचं पोस्ट हापिस. कधी कधी निरोपात स्वतःचं दोन शब्द घालायचात. मी म्हणायचे पेंड संपली, तुम्ही सांगायचात, "पेंड संपली, अन् शालनला बाजारातनं गुडीशेव पायजे." मी दाराआड लाजेनं मरायचे आणि संध्याकाळी गुडीशेव खायचे.

माडग्यावरून आपलं भांडण सुरू झालं ते माझ्या पहिल्या बाळंतपणात. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, म्हणून माहेरी गेलेच नाही. बाळंतपण तुम्ही केलंत. थंडीचे दिवस, दूध पुरं पडेना, पोरगं रडून रडून लालभडक. तुम्ही हुलगे भाजले, जात्यावर दळले, आणि चुलीपुढं बसून त्या पिठाचं माडगं हलवत राहिलात. माडग्याला हात थांबवायचा नाही. थांबला की पिठाची गुठळी होते. मांडीवर तुमची रोहिणी, डोळ्यांत धूर, आणि पळी फिरतेय. कडकडीत वाटी तुम्ही माझ्या हातात दिलीत. मी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "आक्का, गुठळ्या झाल्यात."

तुम्ही कपाळावरचा घाम पुसलात. "दूध येतंय न्हवं? मग गप पी."

दुसऱ्या दिवशी मी म्हणाले खारट आहे. तिसऱ्या दिवशी लसूण कच्चा. माझा स्वभावच तसला, जिभेला हाड नाही. पण तुम्ही चिडला नाहीत. उलट शेजारच्या पारूआत्यांना सांगितलंत, "पोरगी रोज खोट काढती. म्हंजी अंगात ताकद येतीया." दाराआडून ते ऐकलं होतं मी. ऐकलं, आणि विसरले.

मग पोरं मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, घरात गॅस आला. तरी माडगं तुम्ही चुलीवरच केलंत. परसात ती चूल तुम्ही स्वतः लिंपायचात. गॅसवरची भाजी चालायची, चहा चालायचा, पण हुलगा म्हटलं की तुरीच्या काटक्या आणि शेणी. "हुलग्याला धूर लागल्याबिगर चव न्हाई," हे तुमचं वेदवाक्य. मी म्हणायचे, चव हुलग्याला असते, धुराला नसते. यावर आपण किती हिवाळे घालवले.

आणि मग गेल्या पावसाळ्यात तुमच्या घशात ती गाठ निघाली.

नगरच्या दवाखान्यात फेऱ्या झाल्या. किरणांचे शेक सुरू झाले. दिवाळीपर्यंत भाकरी बंद झाली, मग दूधभात बंद झाला. डॉक्टरीण म्हणाली, पातळ द्या, गरम नको, कोमट द्या, थोडं थोडं द्या, पण दिवसातून पुष्कळदा द्या. आता दर थोड्या वेळानं चूल पेटवून मी शेतातलं बघू कधी, धार काढू कधी? तेव्हा रोहिणी पुण्याहून तो विजेचा कुकर घेऊन आली. काळा, गुटगुटीत, पुढं बटनं, त्यावर चित्रं. "काकू, सगळं आत टाकायचं, झाकण लावायचं, हे वाटीचं चित्र दाबायचं. सूप आपोआप होतं. बघत बसायला नको." तुम्ही खाटेवरून मान उंचावून पाहिलंत. घसा बसलेला, आवाज खरखरीत, पण बोलायची खुमखुमी तीच. "ह्यात इस्तू कुठं पेटवायचा?"

"विस्तव नसतो आई त्यात. वीज असते."

"इस्तू न्हाई तर मंग सैपाक कसला? बटन दाबल्यावर पंखा फिरतो. सैपाक न्हाई व्हत."

मी त्या क्षणी कुकरच्या बाजूनं उभी राहिले. मला तो वापरायचा होता म्हणून नव्हे. तुम्ही विरुद्ध होतात म्हणून.

पहिल्या दिवशी माझी काय फजिती झाली, ती तुम्ही येईल त्याला सांगत सुटला होतात. मी हुलग्याचं पीठ पाण्यात कालवलं, मीठ-जिरं-लसूण घातला, झाकण लावलं, बटन दाबलं आणि शिट्टीची वाट बघत बसले. डाळीला तीन शिट्ट्या, हरभऱ्याला पाच, आयुष्यभर शिट्ट्याच मोजल्या आपण. शिट्टी होईना. मी अंगण झाडून आले, शिट्टी नाही. म्हशीला पाणी दाखवून आले, शिट्टी नाही. शेवटी तो डबा टुंक टुंक करायला लागला आणि पुढं इंग्रजी अक्षरं नाचायला लागली. घाबरून रोहिणीला फोन लावला तर ती हसतेच आहे. "काकू, शिट्टी होत नसते त्याला."

"मग झालं कळायचं कसं?"

"तो सांगतो की. आणि आता सांगतोय की खाली करपलं."

पीठ सगळं बुडाशी बसलं होतं. ते खरडून काढायला नारळाचा काथ्या घेऊन मी ओट्यावर बसले आणि तुम्ही खाटेवर उशीला टेकून, पोटावर हात ठेवून हसत होतात. दुखत होतं तुम्हाला हसताना. तरी हसत होतात. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

मी जिद्दीला पेटले. पीठ टाकलं की करपतं, म्हणजे पीठच टाकायचं नाही. दुसऱ्या दिवशी अख्खे हुलगे भाजून घेतले, लसूण, जिरं, मीठ, गुळाचा बारका खडा, भरपूर पाणी. बटन. म्हशीची धार काढून आले तोवर हुलगे लोण्यासारखे मऊ. वाफ आपली आपण उतरू दिली, रवीनं घुसळलं, गाळलं. एक गुठळी नाही आक्का. बाळंतपणात तुम्ही दिलेलं माडगं मला आठवलं, आणि मनात म्हटलं, आता बोला.

वाटी दादांच्या हाती दिली, कारण तुम्हाला चमच्यानं ते भरवायचे. मी दाराआड उभी. दादा आधी एक चमचा स्वतः तोंडात घालायचे, रोजच. मला वाटायचं, बायकोला चटका बसू नये म्हणून बघताहेत. मग तुमच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटायचे, आणि मग भरवायचे. किती जीव आहे यांचा, असं म्हणून मी दाराआड डोळे पुसायचे. तोवर आतून तुमचा खरखरीत आवाज, "शालन, हे माडगं न्हाई. हुलग्याचं पानी हाय. जिरं बी जाळलंस."

आणि जिरं खरंच जळलं होतं. तुमची जीभ म्हणजे सोनाराची कसोटी, असं मी आमच्या ह्यांना सांगितलं. एवढं आजारपण, पण जीभ काय शाबूत आहे बाईची.

मग आपलं रोजचं सुरू झालं. सकाळी मुगाचं कढण, दुपारी दुधी नाहीतर डांगर, कधी शेवग्याच्या शेंगा अख्ख्या शिजवून त्यांचा रस काढून. पूर्वी शेवग्याच्या शेंगा चोखत बसायच्या, आता तो कुकर त्यांचं असं काही पाणी करायचा की रेषासुद्धा हाताला लागू नये. आमच्या ह्यांनी तिसगावच्या बाजारातून मटण आणलं त्या दिवशी आळणी रस्सा केला. चहा पिऊन कप धुते आहे तर रस्सा तयार. पूर्वी बोकडाचं मटण म्हणजे तुम्ही सकाळपासून चुलीपाशी ठाण मांडायचात. वाटी आत गेली, दादांचा चमचा, पुटपुट, आणि तुमचा आवाज, "आलं लई झालं. अन् धुराचा वास न्हाई."

धुराचा वास न्हाई. हे तुमचं नवं हत्यार. मिठाची खोट काढलीत की दुसऱ्या दिवशी मी मीठ कमी करायचे. आल्याची काढलीत की आलं कमी. पण धुराला मी काय करणार? डब्यात धूर घालू? एके दिवशी घातलाच. शेणीचा निखारा वाटीत ठेवला, वर तुपाचा थेंब, आणि ती वाटी माडग्यात तरंगत ठेवून वरून झाकण. लग्नाच्या आचाऱ्याकडं पाहिलं होतं. घरभर धूर झाला, आमचे हे खोकत बाहेर पळाले, पण माडग्याला काय वास सुटला होता. म्हटलं, आज तुमची बोलती बंद. दादांचा चमचा, पुटपुट. आणि तुम्ही म्हणालात, "आज करपलं गं."

मी दाराआडून ओरडले, "करपलं नाही आक्का, धूर आहे तो. तुम्हीच मागितला होता."

"माझ्या चुलीचा धूर मागितला हुता. शेनीचा न्हाई."

त्या दिवशी मी तुमच्याशी बोलले नाही. दुपारपर्यंत. दुपारी लाईट गेली, कुकर अर्ध्यात बंद पडला, आत अर्धे कच्चे मूग, झाकण उघडेना. तुम्ही खाटेवरनं म्हणालात, "बोलीव तुझ्या वायरमनला. म्हनावं सैपाक अडलाय." आणि मला हसू आवरलं नाही. परसात जाऊन तुमची चूल पेटवली, कढण त्यावर पुरं केलं. तुम्ही खिडकीतून धूर बघत होतात, अगदी माहेरचं कुणी आल्यासारखं.

खरं सांगू का, तुम्ही खोट काढलीत की मी फणकारायचे, भांडी आपटायचे, पण आतून मला बरं वाटायचं. बाई भांडतेय, म्हणजे बाई आहे. शेजारच्या बाया विचारायच्या, "कसंय आक्कांचं?" मी म्हणायचे, "काय व्हायचंय त्यांना? सकाळी मिठावरून बोलल्या मला." आणि ते सांगताना माझा मलाच धीर यायचा. एकदा फारच बोललात तेव्हा मी दाराआडून तुमचंच वाक्य तुम्हाला परत केलं. "गिळतंय न्हवं? मग गप प्या." तुम्ही चमकून बघितलंत. इतक्या वर्षांनी तो हिशेब चुकता झाला होता. मग तुम्ही वाटी दादांच्या हातातून काढून घेतलीत आणि स्वतःच्या हातानं तळापर्यंत प्यायलात.

शेवटच्या आठवड्यांत मात्र तुम्ही मला फार छळलंत. नवीन खोट काढायचे कष्टसुद्धा घेत नव्हतात. कढण असो, डांगर असो, माडगं असो, रोज एकच. "धुराचा वास न्हाई." सकाळी तेच, दुपारी तेच, संध्याकाळी तेच. मी आमच्या ह्यांच्यापुढं रडले. म्हटलं, एवढा हात बसलाय माझा, एक दिवस तरी चांगलं म्हणावं की. हे म्हणाले, तुला कशाला पाहिजे तिचं सर्टिफिकेट? यांना काय कळणार. भाकरी तुम्ही शिकवलीत, पुरण तुम्ही शिकवलंत, आणि तुमच्याच पोटात जाणाऱ्या वाटीला तुम्ही चांगलं म्हणत नाही, तर दुसऱ्या कुणाचं मी काय करू?

आणि मग त्या सकाळी तुम्ही वाटी मागितलीच नाही.

रडारड झाली ती झाली. ते तुम्हाला सांगत नाही, तुम्हाला रडणं आवडायचं नाही. दुसरं सांगते, ऐकून हसाल. रोहिणी पुण्याहून निघाली होती, ती येईपर्यंत तुम्हाला हलवायचं नव्हतं. दुपार व्हायला आली. आपल्या घरची चूल पेटवायची नाही, कडू घास भावकीनं आणायचा, तो सगळं आवरून आल्यावर. पण दादा शुगरवाले. सकाळची गोळी पोटात आणि वर काहीच नाही. भिंतीला टेकून बसलेले, ओठ पांढरे, हात कापताहेत. मला तुमचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं, "त्यांना काय दिलंस का न्हाई?" मी उठले, हुलगे काढले आणि कुकरचं बटन दाबलं.

पारूआत्यांनी पाहिलं. "शालन, येडी झालीस का? घरात मढं हाय. चूल पेटवती व्हय?"

"पेटवली कुठं आत्या? विस्तव दाखवा मला."

त्या वाकल्या. कुकरच्या खाली बघितलं, मागं बघितलं. आणखी दोघीचौघी आल्या, त्यांनीही वाकून बघितलं. एकीनं बुडाला बोट लावून पाहिलं. विस्तव कुणाला सापडेना. मी म्हणाले, "आक्काच सांगायच्या, ह्यात इस्तू न्हाई, ही चूल न्हाई, हा सैपाक न्हाई. विचारा त्यांना." आणि विचारा म्हटल्यावर सगळ्यांनी खाटेकडं पाहिलं, तुम्ही तिथं पांघरूण घेऊन गप. पारूआत्यांच्या तोंडावर पदर गेला. मला वाटलं रडताहेत. हसत होत्या आक्का. तुमच्या उशाशी बसून तोंडात पदर कोंबून हसत होत्या, आणि डोळ्यांतून पाणी. "जाताना बी सोय करून गेली गं बाई," म्हणाल्या.

तेव्हा तुमच्या अंगावर तुमचाच मुद्दा फिरवला खरा मी. पण त्यानं माझा मुद्दा गेला, हेही मला कळत होतं. दिवाळीपासून ओरडत होते की हाही स्वयंपाकच आहे. आणि त्या दिवशी चारचौघींत कबूल केलं की नाही. दादांनी ती वाटी घेतली, खाली मान घालून सगळी प्यायली आणि रिकामी वाटी दाराशी ठेवली. बोलले काही नाहीत. निरोप पोचवायला मधे तुम्ही नव्हतात.

एवढं झाल्यावर काल कावळा झटक्यात शिवला, तर राग नाही येणार?

आता आज सकाळचं.

आज सवयीनं माझ्या हातून दोन वाट्या भरल्या गेल्या. एक दादांची, एक तुमची, ती कडेला टवका गेलेली, चिनी मातीची, निळ्या फुलांची. ताटलीत दोन्ही ठेवल्या आणि दादांच्या पुढं सरकवून दाराआड झाले, तेव्हा लक्षात आलं. परत जाऊन उचलायच्या आधी फटीतून बघितलं. दादांनी आपली वाटी घेतली नाही. तुमची घेतली. एक चमचा तोंडात घातला, जिभेवर घोळवला आणि रिकाम्या खाटेकडं वाकून पुटपुटले. मी पहिल्यांदाच ते शब्द ऐकले.

"मीठ बराबर हाय. जिरं बी बराबर. आज काय खोट न्हाई."

आक्का, मी रीतभात सगळी विसरले. दारातून पुढं आले आणि म्हणाले, "दादा, काय म्हणालात?"

ते दचकले. इतक्या वर्षांत मी त्यांना सरळ प्रश्न विचारला नव्हता. चमचा वाटीत ठेवला, उपरणं तोंडावरून फिरवलं. मग जमिनीकडं बघत बोलायला लागले.

"तिला चव कुठं कळत हुती शालन? पहिले शेक झाले तवाच गेली. तोंडात माती घातली तरी कळायचं न्हाई, म्हनायची."

"मग जिरं जळलेलं? आलं?"

"मी सांगायचो. पयला चमचा माझा. काय कमीजास्त हाय ते कानात सांगायचं, अन् मग ती तुला वरडायची."

मी खाली बसले. थोरल्या दिरापुढं, मांडी घालून.

"तुला कळू द्यायचं न्हाई, अशी शपथच घातली हुती मला. म्हनली, शालन बाळंतीन हुती तवा रोज खोट काढायची, अन् मला वाटायचं, ताकद येतीया पोरीला. आता मी काढते. तिला बी तसंच वाटंल."

दादाच पुढं म्हणाले, आणि म्हणताना त्यांना हसू फुटत होतं. "मला लई शोधावं लागायचं. मी म्हनायचो, अगं आज चांगलं झालंय. तर मला म्हनायची, ते नगं, खोट सांगा. मी म्हनायचो, न्हाईच सापडत तर कुठनं सांगू? तर म्हनायची, मंग ऱ्हाऊ द्या. मी म्हनते धुराचा वास न्हाई. ते कवाबी खपतंय."

धुराचा वास न्हाई.

सकाळी, दुपारी, संध्याकाळी. शेवटचे कितीतरी दिवस, एकही दिवस न चुकता. आणि मी आमच्या ह्यांच्या खांद्यावर रडत होते की बाई चांगलं म्हणत नाही. अहो, तुम्ही दुसरं काही म्हणतच नव्हतात.

मी रडले, आणि हसले, आणि पुन्हा रडले. तुमच्यासारखी लबाड बाई मी पाहिली नाही. चव नाही, गिळवत नाही, आणि मातीसारखं लागणारं ते सगळं तुम्ही वाटी वाटी तळापर्यंत संपवत होतात. आणि वर माझ्याशी भांडत होतात, मला धीर यावा म्हणून. आणि मला आलाही. कावळा का लगेच शिवला, ते आता कळलं. तुमचं काही राहिलंच नव्हतं. तुम्ही रोजच्या रोज सांगून मोकळ्या झाल्या होतात.

दादांनी मग आपली वाटी उचलली. एक घोट घेतला. "चांगलं झालंय," म्हणाले.

दिवाळीपासून मला हेच ऐकायचं होतं. आणि ऐकलं तर मला ते नको झालं. घर एकदम रिकामं वाटलं. मी म्हणाले, "ते नको दादा. खोट सांगा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, सरळ. पुन्हा एक घोट घेतला. डोळे मिटून जिभेवर घोळवला, अगदी तुम्ही कानाशी बसलेल्या असाव्यात तसा.

"धुराचा वास न्हाई," म्हणाले.

मी पदरानं तोंड पुसलं, उठले, आणि दाराआड न जाता तिथंच, त्यांच्या समोर उभी राहिले.

"पोटात जातंय न्हवं?" मी म्हणाले. "मग गप प्या."